कफ वाळवू नये, वाहता ठेवावा: श्वसनमार्गाच्या सफाईला हातभार कसा लावावा

सर्दी झाली की आपण नाक कोरडे करायला धावतो आणि खोकला सुरू झाला की तो दाबायला. त्रास होत असताना असे वाटणे साहजिक आहे. परंतु श्वसनमार्गाची सफाई प्रत्यक्षात कशी चालते हे पाहिले, तर या दोन्ही उपायांची दिशा बहुधा उलटी ठरते. नाकापासून फुफ्फुसांतील बारीक नलिकांपर्यंत श्लेष्म्याचा, म्हणजे साचला की ज्याला आपण कफ म्हणतो त्या चिकट स्रावाचा, एक पातळ थर अहोरात्र सरकत असतो आणि तो सरकत राहिला तरच मार्ग स्वच्छ राहतो. म्हणून पुढील प्रत्येक उपाय एकाच कसोटीवर घासून पाहावा: याने तो थर पुढे सरकेल की जागीच अडेल?

यंत्रणा आधी समजून घ्यावी

प्रौढ माणूस दिवसभरात १०,००० लिटरच्या आसपास हवा आत घेतो आणि तिच्याबरोबर धूळ, परागकण, काजळी, जिवाणू व विषाणूही आत येतात. १० मायक्रोमीटरहून मोठे कण बहुतांशी नाकातच अडकतात. त्यांहून लहान कणांपैकी पुष्कळसे श्वासनलिका आणि श्वसनी (तिच्या फुफ्फुसांत जाणाऱ्या शाखा) जिथे फुटतात तिथल्या वळणांवर सापडतात. हवा वळते, पण कणाला तेवढ्या चटकन वळता येत नाही आणि तो भिंतीवर आदळून श्लेष्म्यात रुततो. अगदी सूक्ष्म कण वायुकोशांपर्यंत, म्हणजे नलिकांच्या टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथे श्लेष्म्याचा सरकता थर नसल्यामुळे सफाईचे काम कण गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींकडे जाते.

श्वसनमार्गाच्या अस्तरातील अनेक पेशींच्या माथ्यावर पक्ष्माभिका, म्हणजेच सिलिया नावाचे केसांसारखे हलते सूक्ष्म तंतू असतात. एका पेशीवर त्या सुमारे २०० असतात आणि प्रत्येकीची लांबी ६ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी असते. या पेशींच्या अधूनमधून बसलेल्या चषक पेशी आणि अस्तराखालच्या ग्रंथी श्लेष्मा तयार करतात. निरोगी श्लेष्म्यात ९७ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्याला चिकटपणा आणि ताण देतात ती म्युसिन नावाची लांबलचक प्रथिने, आणि ती त्यात असतात अगदी थोडी.

रचनेतील खरी खुबी अशी की हा थर एक नसून दोन थरांचा आहे. खाली, पक्ष्माभिकांच्या उंचीइतका, पातळ पाणीदार थर असतो आणि त्याच्यावर चिकट श्लेष्मा तरंगतो. पक्ष्माभिका ताठ उभी राहून पुढे फटका मारते तेव्हा तिचे टोक वरच्या श्लेष्म्याला जेमतेम टेकते आणि त्याला पुढे ढकलते. परत येताना मात्र ती वाकून, खालच्या पातळ थरातून अंग चोरून मागे येते, त्यामुळे श्लेष्मा मागे खेचला जात नाही. हे सेकंदाला १० ते १५ वेळा घडते. शेजारच्या पक्ष्माभिका एकाच वेळी न हलता किंचित वेळेच्या फरकाने एकीमागून एक हलतात, म्हणून अस्तरावरून अखंड लहर जाते आणि श्लेष्मा मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने सरकतो. फुफ्फुसांतला श्लेष्मा वर आणि नाकातला मागे, असे दोन्ही प्रवाह घशात येऊन मिळतात आणि आपण नकळत ते गिळतो. कफ गिळला गेल्यास अपाय होतो ही भीती अनाठायी आहे. निरोगी माणूस दिवसभर तेच करत असतो.

गालाच्या हाडातील सायनसचे (हवेच्या पोकळीचे) तोंड त्याच्या तळाशी नसून वरच्या बाजूला असते. उभ्या माणसाच्या या सायनसमधला श्लेष्मा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवून बाहेर काढावा लागतो, आणि तो पक्ष्माभिका चढवतात. सर्दीत त्या मंदावल्या आणि तोंड सुजून बंद झाले की गालात ठणका का लागतो, याचे एक उत्तर यात आहे.

श्लेष्मा आणि पक्ष्माभिका या दोन्हींपैकी एक भागीदार निकामी झाला तर काय होते, हे दोन आनुवंशिक आजार दाखवतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये पक्ष्माभिका मुळात धडधाकट असतात, पण क्षार आणि पाण्याची ने-आण बिघडल्यामुळे खालचा पातळ थर आटतो आणि घट्ट श्लेष्मा पक्ष्माभिकांवर बसून त्यांना दाबून टाकतो. उलट, जन्मतः पक्ष्माभिकांचीच हालचाल सदोष असते त्या आजारात श्लेष्मा तयार होतो, पण त्याला नेणारे कोणी नसते. परिणाम दोन्हीकडे तोच होतो: साचलेला कफ आणि वारंवार होणारा संसर्ग. दुसऱ्या प्रकारातले रुग्ण बरीचशी सफाई खोकल्याच्या जोरावर करतात, यावरून खोकला ही किती मोलाची राखीव व्यवस्था आहे हे कळावे.

हवा ओलसर असावी

हवा फुफ्फुसांच्या खोल भागात पोहोचते तेव्हा ती ३७ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली असते. अशा एका लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी मावते. त्यातले बहुतेक पाणी नाकाच्या अस्तरातून येते. त्यामुळे शक्य तितका श्वास नाकाने घ्यावा, हा सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय आहे. खोलीतली हवा फारच कोरडी असल्यास आर्द्रता वाढवणारे यंत्र वापरता येईल. मात्र त्यातले पाणी रोज बदलावे, कारण न धुतलेले यंत्र बुरशीचे कण हवेत सोडते. पाणी तहान भागेल इतके, आजारपणात जरा आठवणीने प्यावे. तांब्यामागून तांबे रिचवल्याने कफ त्या प्रमाणात पातळ होत जातो, असे मात्र नाही. वाफेने काही काळ बरे वाटते, पण लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ बसवू नये. त्यात होणारा लाभ थोडा आणि भाजण्याचा धोका मोठा असतो.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे

हा उपाय नीट केला तर उपयोगाचा आहे आणि निष्काळजीपणे केला तर घातक ठरू शकतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. पाणी निदान एक मिनिट खळखळून उकळावे आणि कोमट होऊ द्यावे, किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्यावे. नळाचे पाणी थेट वापरू नये. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पोटात गेल्यास त्रास देत नाही, परंतु नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. २५० मिलिलिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ विरघळवावे. हे प्रमाण शरीरातल्या द्रवांशी जुळते, म्हणून झोंबत नाही. पोहताना नाकात पाणी गेल्यावर जी झिणझिणी मस्तकात जाते, तिचे एक मोठे कारण त्या पाण्यातला क्षार शरीरातल्या क्षाराहून कमी असणे हे आहे.

बेसिनवर वाकून डोके एका बाजूला कलते करावे, तोंड उघडे ठेवून तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत पाणी हळूहळू सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. या वेळी बोलू किंवा गिळू नये. नंतर पुढे झुकून एकेका बाजूने हलकेच शिंकरावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावल्यास नाकातला स्राव कानाकडे ढकलला जाऊ शकतो. भांडे धुऊन पूर्ण वाळू द्यावे. नाक पूर्ण चोंदलेले असताना किंवा कान दुखत असताना हा प्रयोग टाळावा.

छातीतला कफ कसा काढावा

धाप लागेपर्यंत ठसकत राहिल्याने कफापेक्षा माणूसच लवकर थकतो. जोरात खोकताना लहान नलिका दाबल्या जाऊन मिटतात आणि कफ त्यांच्यामागे अडकतो. यावर श्वसनोपचारतज्ज्ञ शिकवतात ती रीत अशी आहे. ताठ बसावे, खांदे सैल सोडावेत आणि काही श्वास शांतपणे घ्यावेत. मग तीन-चार वेळा खोल श्वास घेऊन प्रत्येक वेळी तो दोन-तीन सेकंद रोखावा, म्हणजे कफाच्या पलीकडेही थोडी हवा पोहोचते. त्यानंतर मध्यम श्वास घेऊन तोंड आणि घसा उघडा ठेवत हवा ‘हाऽऽ’ असा आवाज करत बाहेर सोडावी. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो तशीच, फक्त पोटाचा थोडा जोर लावून. असे एक-दोनदा केल्यावर पुन्हा शांत श्वास घ्यावेत. दोन-तीन फेऱ्यांत छातीतली घरघर वर सरकलेली जाणवते आणि मग एकच खोकला पुरतो.

औषधांच्या बाबतीत

नाक मोकळे करणारे फवारे तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण पुढे औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते. गुंगी आणणारी जुनी ॲलर्जीविरोधी औषधे स्राव सुकवतात, म्हणून छातीत घट्ट कफ असताना ती विचारपूर्वक घ्यावीत. कफ पडत असलेला खोकला दाबणारे औषध आपल्या मनाने घेऊ नये. कफ पातळ करणाऱ्या औषधांत ॲसिटिलसिस्टीन म्युसिनच्या साखळ्यांमधले गंधकाचे दुवे तोडते. ब्रोमहेक्सीन हे अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून घडवलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कफ हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, असेही नाही. तो रंग मुख्यतः पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा (एन्झाइमचा) असतो आणि विषाणूंच्या साध्या सर्दीतही दिसतो.

कफात रक्त, वाढता दम, छातीत दुखणे, न उतरणारा ताप किंवा तीन आठवड्यांहून अधिक रेंगाळलेला खोकला असल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. पक्ष्माभिकांच्या कामाबद्दल शंका असेल तर नाकाच्या आत सॅकरीनचा बारीक कण ठेवण्याची एक साधी चाचणी आहे. रुग्णाने न हुंगता, न शिंकरता बसून राहायचे आणि घशात गोड चव आली की सांगायचे. निरोगी नाकात ती बहुधा २० मिनिटांच्या आत येते. अर्धा तास उलटूनही न आल्यास पुढील तपासण्या केल्या जातात.

धूर

तंबाखूचा धूर पक्ष्माभिकांना मंद करतो, दीर्घकाळात त्या आखूड आणि विरळ होतात, आणि त्याच वेळी चषक पेशी वाढून श्लेष्मा जास्त तयार होतो. म्हणजे माल वाढतो आणि हमाल कमी होतात. धूम्रपान करणाऱ्याला सकाळी उठल्यावर जो खोकल्याचा उमाळा येतो, तो पक्ष्माभिकांचे तुंबलेले काम खोकल्यावर येऊन पडल्याचा आवाज असतो. सिगारेट सोडल्यानंतर पहिले काही आठवडे काही जणांना खोकला आणि कफ उलट वाढल्यासारखा वाटतो. पक्ष्माभिका पुन्हा कामाला लागल्या की साचलेला कफ वर येऊ लागतो. अशा वेळी घाबरून पुन्हा सिगारेट पेटवू नये आणि खोकला दाबणारे औषधही घेऊ नये, वर सांगितलेल्या रीतीने तो कफ बाहेर येऊ द्यावा.