संशोधनात नव्यानं येताय? आधी ‘एक’ मोजायला शिका

मी संशोधनात शिरले ती वनस्पतिशास्त्राच्या दारातून. पीएचडी नॅनोमेडिसिनमध्ये केली आणि सध्या आरोग्य आणि मानसशास्त्रातल्या मंडळींबरोबर एका प्रकल्पावर काम करते. हे ऐकलं की नवी मुलं हमखास विचारतात, “इतके विषय कसे काय बदलले?” मी त्यांना पॅक्लिटॅक्सेलची गोष्ट सांगते.

कर्करोगावरचं हे औषध पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलं. सालीचे नमुने गोळा झाले १९६२ मध्ये. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी रेणूची रचना प्रसिद्ध केली १९७१ मध्ये, आणि अमेरिकेत औषधाला मान्यता मिळायला १९९२ उजाडलं. इथपर्यंत वनस्पती आणि रसायन. पण हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून तो एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून देत, आणि त्या द्रावकाचीच काही रुग्णांना जोरदार ॲलर्जी येई. मग औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून साधारण १३० नॅनोमीटरचे कण बनवले गेले. त्यांना २००५ मध्ये मान्यता मिळाली. हे झालं नॅनोमेडिसिन. एवढं करूनही उपचारात हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. तो त्रास किती, रोजच्या जगण्यात तो कुठे आडवा येतो, हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. माणसालाच विचारावं लागतं, आणि नीट विचारणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. एका रेणूमागे चार विभाग असे रांगेनं उभे असतात.

तेव्हा ‘कोणता विषय घेऊ’ यावर रात्र रात्र जागू नका. मला प्रत्येक ठिकाणी एकाच प्रश्नानं पाडलं. तो प्रश्न असा: तुमच्या प्रयोगात ‘एक’ म्हणजे काय?

पहिल्यांदा पडले ती झाडांच्या लॅबमध्ये. आम्ही अरॅबिडोप्सिसवर काम करायचो. मोहरीच्या कुळातलं हे चिमुकलं रोपटं, बीपासून बीपर्यंत साधारण सहा आठवडे. संपूर्ण जीनोम वाचला गेलेली ही पहिली वनस्पती, साल २०००. मी म्युटंटची, म्हणजे जनुकात बदल असलेल्या जातीची, चोवीस रोपं एका ट्रेमध्ये आणि साध्या जातीची चोवीस दुसऱ्या ट्रेमध्ये लावली. पाणी तोडलं. म्युटंट टवटवीत, साधी रोपं माना टाकलेली. आलेख इतका देखणा आला की मी तो घरी फोनवर पाठवला. लॅब मीटिंगमध्ये एका सिनियरनं एवढंच विचारलं, “ट्रे कुठे कुठे होते?” एक ग्रोथ चेंबरच्या पंख्यासमोर होता, दुसरा कोपऱ्यात. ट्रेंची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा केला. फरक ट्रेबरोबर गेला नाही, जागेवरच राहिला. माझ्याकडे अठ्ठेचाळीस रोपं नव्हतीच. दोन ट्रे होते, म्हणजे प्रत्येक बाजूला एक.

एकाच नमुन्याचे तुकडे वेगवेगळे नमुने म्हणून मोजणं, याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातल्या प्रयोगांची झाडाझडती घेताना हा शब्द रूढ केला. यावरचा उपाय मात्र जुना आहे, आणि औषधांच्या चाचण्यांनीही तो शेतातूनच घेतला: प्रयोगात चिठ्ठ्या टाकून वाटणी करायची पद्धत आर. ए. फिशर यांनी रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात असताना पक्की केली. तीच पुढे दवाखान्यात गेली. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी या पद्धतीचा नमुना मानतात: १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. त्या लॅब मीटिंगपासून मीही कुंड्यांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाकते आणि जागा दर दोन दिवसांनी बदलते.

वाटलं होतं, धडा शिकले. नॅनोच्या लॅबमध्ये पुन्हा तेच केलं. चरबीच्या कणांमध्ये औषध भरायचं काम होतं. या क्षेत्रातलं अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध मानतात ते डॉक्सिल, १९९५ चं, तेही असंच चरबीच्या पिशवीत बांधलेलं आहे. मी एक बॅच बनवली, विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार सांगणाऱ्या डीएलएस यंत्रावर तीनदा मोजली आणि वहीत ‘n = ३’, म्हणजे तीन स्वतंत्र नमुने, असं लिहिलं. गाईडनं विचारलं, “मोजलं तीनदा. बनवलं कितीदा?” पुढच्या आठवड्यात बनवलेली दुसरी बॅच पहिलीच्या जवळपासही नव्हती. कारण शोधायला महिना गेला. मी द्रावण हातानं ओतत होते आणि माझा ओतायचा वेग रोज वेगळा होता.

त्या यंत्राबद्दलही सांगते, कारण नवे लोक त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. एवढ्या लहान कणांवरून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. कण दहापट मोठा झाला की प्रकाश दहा लाख पट. म्हणजे धुळीचे चार कण नमुन्यात पडले तर तुमचे कोट्यवधी कण त्यांच्यामागे झाकले जातात. कुणी सरासरी आकाराचा एकच आकडा दाखवला तर अख्खा आलेख मागा. कण पेशींवर टाकल्यावर सूज आणणारे संकेत दिसले, तर हर्षवायू होण्याआधी एंडोटॉक्सिन तपासा. जिवाणूंच्या कवचातला हा अंश पाण्यातून, भांड्यांतून येतो आणि बिचाऱ्या कणांवर आळ घेतो. आणि पोस्टरवर औषधाच्या कणांचे बाण थेट कर्करोगाच्या गाठीत घुसताना दिसतात ना, त्यांच्याबद्दल: दहा वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये आला. त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. हा आकडा पहिल्याच आठवड्यात कळला तर पुढचे भ्रमनिरास सौम्य होतात.

मानसशास्त्राकडे आम्ही लॅबवाले जरा वरच्या नजरेनं बघतो. मीही बघायचे. प्रश्नावली काय, छापली आणि वाटली! पण आपल्या घरातली धूळ सगळ्यांसमोर झटकायचं धाडस याच लोकांनी केलं. २०१५ मध्ये त्यांनी शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ निकालांपैकी ९७ टक्के संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक होते; पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे आले. तेव्हापासून काय मोजणार, कसं मोजणार, हे आधीच नोंदवून ठेवायची पद्धत तिथे चांगलीच रुजली आहे. माझ्या जुन्या लॅबमध्ये असं कुणी सुचवलं असतं तर लोक हसले असते.

‘एक’चा प्रश्न इथे जास्त अवघड आहे. आठ रुग्ण एकाच गटात, एकाच समुपदेशकाकडे बसतात. ते आठ की एक? उत्तर मधलं कुठेतरी असतं, कारण ते एकमेकांचं ऐकून बदलतात. किती मधलं, ते संख्याशास्त्रज्ञाला विचारा, आणि डेटा गोळा करण्याआधी विचारा. नंतर गेलात तर तो फक्त सांत्वन करू शकतो.

माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी म्हणजे कागदांचा डोंगर, हा माझा समज पीएचक्यू-९ नं मोडला. नैराश्याची ही प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण शून्य ते सत्तावीस. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. आमच्या अर्जावर कमिटीनं विचारलं: नवव्या प्रश्नावर कुणी खूण केली तर तो कागद कोण, किती वाजता पाहणार? त्या माणसाशी त्याच दिवशी कोण बोलणार? आम्ही कागद महिन्याअखेरीस एकत्र तपासणार होतो. मला अजूनही ते आठवलं की कसंतरी होतं.

लॅब निवडताना कामाचा वेग बघा, त्याबद्दल कुणी बोलत नाही. झाडांमध्ये नवा जनुक घालून स्थिर वाण हातात यायला दोन-तीन पिढ्या जातात, तेवढे महिने धरून चाला. नॅनोची बॅच आठवड्यात पुन्हा बनते, पण पेशींना रविवार कळत नाही. त्यांना वेळेवर खाऊ घालावंच लागतं. माणसांवरच्या अभ्यासात परवानगीचीच वाट महिनोन्महिने बघावी लागते, आणि त्याआधी घेतलेला एकही प्रतिसाद वापरता येत नाही. तुमचा स्वभाव यातलं काय झेपवेल ते तुम्हीच जाणा.

वहीत तारीख, बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा लॉट क्रमांक लिहा. फसलेलं आधी लिहा.

गाईडला भेटाल तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांशीही बोला, गाईड खोलीत नसताना. “इथे कसं वाटतं?” असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. विचारा की मागच्या वर्षी मीटिंगमध्ये कुणाचा निकाल पुन्हा तपासायला सांगितला आणि मग काय झालं. लगेच एखादा किस्सा आला आणि सांगताना सांगणारा हसला, तर ती लॅब बहुधा बरी आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.