दुकानात कॉम्प्युटर बसवलासा, पुढं काय?

आमचं भुसार-किराण्याचं होलसेल, बेळगावात रविवार पेठेत. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तसं बाबांनी कॉम्प्युटर घेतला, सॉफ्टवेअर घालून घेतलं, नारळ फोडला आणि दिवाणजी काकांना म्हटले, झालं बघा एकदाचं. कुठलं झालंय. दोन वर्षं बॅकअप नाही की काय नाही, आणि एका पावसाळ्यात लाईट ये-जा करून हार्डडिस्क बसली. उधारी वहीत होती म्हणून वाचलो, खरं खरेदीची बिलं एकेका पार्टीकडनं परत मागून आणताना जी लाज गेली ती गेलीच.

तर ज्यांनी नुकतं घेतलंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी आयटमची यादी साफ करा, बाकीचं सगळं नंतर. आपल्याकडं एकच माल तीन नावांनी चढतो. मी तूरडाळ लिहितो, पोरगा तोगरी बेळे लिहितो, हिंदी बोलणारा सेल्समन अरहर सांगून जातो, आणि कॉम्प्युटरला ती तीन वेगळी धान्यं वाटतात, मग स्टॉक कसा जुळणार? एकच नाव पक्कं करा, बाकीची दोन त्याच आयटमला अलायस (म्हणजे दुसरं नाव) म्हणून जोडा, म्हणजे कोण काय पण टाईप करू दे, माल तोच गावतो. नवीन आयटम उघडायचं काम एकाच माणसाकडं ठेवा. आणि पोतं म्हणजे किती किलो ते प्रत्येक आयटमला वेगळं घाला. १८ जुलै २०२२ पासनं २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या तांदूळ-डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, तसं तो टाळायला बाजारात २६ किलोची पोती यायला लागली. आमच्या सॉफ्टवेअरला पोतं म्हणजे २५ एवढंच ठाऊक, त्यामुळं दर पोत्यामागं एक किलो हवेत. गोडाऊन मोजल्यावर कळलं, तोवर हमालांवर उगीच संशय घेऊन झालेला.

जीएसटीचे रेट बदलतात ते असं अचानक. २२ सप्टेंबर २०२५ ला तंबाखू-पानमसाला सोडला तर १२ आणि २८ चे स्लॅब गेले, तूप १२ वरनं ५ वर, बिस्किट, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरनं ५ वर, धुण्याची पावडर मात्र १८ वरच. अशा वेळी आयटमची यादी एचएसएन कोडप्रमाणं (मालाच्या प्रकाराचा जीएसटीतला नंबर) लावून घ्या, नावाप्रमाणं न्हवं, आणि नवीन रेट त्या तारखेपासनं लागू असा घाला, जुना पुसून न्हवं, नाहीतर मागची बिलं उघडल्यावर हिशोब फिरतो. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत दोन-तीन बिलं करून बघा, मग ती रद्द करा.

आता आपल्या बॉर्डरची भानगड, ही पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोण सांगत नाही. शिनोळीचं दुकान स्कूटरवरनं जाऊन येण्यासारखं, खरं ते चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्र, म्हणून आयजीएसटी, म्हणजे परराज्यात माल गेला की लागतो तो. बेंगळूर ५०० किलोमीटर, खरं तिथं सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागतो तो. सॉफ्टवेअर हे ठरवतं पार्टीच्या खात्यात राज्य काय घातलंय त्यावरनं, आणि घाईत सगळ्यांनाच कर्नाटक पडतं. पार्टीचा जीएसटी नंबर घेताना पहिले दोन आकडे बघा: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. चुकलं तर टॅक्स बरोबर खात्यात परत भरायचा आणि चुकीच्या खात्यातला रिफंड मागत बसायचं. माल ५०,००० च्या वर असला की ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाईन कागद), आणि वाटेत टेम्पो बदलला तर त्यात गाडी नंबर पण बदलायचा. आणि कोण कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक टॅक्सची स्कीम) असेल तर चंदगड-कोल्हापूरला माल विकताच येत नाही, हे आधी सीएला विचारून घ्या, तिकडची ऑर्डर घेऊन झाल्यावर न्हवं.

'आपल्याला लागत नाही' हे वाक्य तर सोडूनच द्या. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, २०२० मध्ये ५०० कोटीच्या उलाढालीवाल्यांना होतं, आमच्या पेठेत सगळे हसले. मग १००, ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटीवर आलं, आणि पेठेतली बरीच दुकानं त्यात आली.

यूपीआयचं थोडक्यात. दुकानाचा क्यूआर दुकानाच्याच खात्याचा पाहिजे, घरच्या खात्याचा न्हवं. २०२५ च्या जुलैत यूपीआयचे आकडे बघून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हा घरचं-दुकानचं एकत्र असलेल्यांना कुठला पैसा कशाचा ते सांगता येईना. रोज रात्री गल्ला मोजतो तसं बँकेत जमा झालेलं पण रोजमेळात जुळवा. क्यूआरच्या स्टिकरवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवलाय का ते बघायला शटर उघडताना दोन सेकंद लागतात. बँकेचा असो की ई-वे बिलाचा, ओटीपी मालकाच्या नंबरवर येऊ दे. आमचा एक पोरगा काम सोडून गोव्याला गेला आणि भरलेला टेम्पो उभा करून आम्ही ई-वे बिलाच्या ओटीपीसाठी त्याला फोन लावत बसलेलो.

वही लगेच बंद करू नका. दिवाणजी काकांची वही आणि कॉम्प्युटर आम्ही दोन महिने शेजारी शेजारी चालवलं, आणि चुका निम्म्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे माझ्याच निघाल्या, मग काकांना धीर आला, आता ते स्वतः लेजर (पार्टीच्या खात्याचा उतारा) काढतात. पावसाळ्यात नेट गेलं तर वेगळ्या नंबर सिरीजचं छापील बिलबुक ठेवा, संध्याकाळी चढवा.

हे सगळं तपासायचं कधी? अमावस्येला. नाहीतरी त्या दिवशी मालाची उचल कमी, नवीन काम कोण सुरू करत नाही, जुनं तपासायला कोण नको म्हणतंय? पूजा झाली की आम्ही डबल झालेले आयटम बघतो, गेलेल्या पोरांचे पासवर्ड बंद करतो, आणि बॅकअप घरच्या लॅपटॉपवर उघडून बघतो. नुसता पेन ड्राइव्ह खिशात घालून उपयोग नाही, उघडतो का ते बघायचं. मागच्या अमावस्येला गूळ तीन नावांनी गावला, त्यातलं एक नाव मीच घातलेलं.