मांजरांचा विमा काढताय? आधी लसीचं पुस्तक काढा

कंपन्यांचे हप्ते ताडून बघण्याआधी लसीच्या पुस्तकाचं पहिलं पान बघा. दत्तक आलेल्या मांजरांचं ते पान बहुधा अर्धवटच भरलेलं असतं. आमच्याकडे एकाच वेताचे दोन पट्टेरी बोके आले आणि दवाखान्यातून दोघांच्या पुस्तकांवर ‘बोका, राखाडी’ एवढंच लिहून मिळालं. उद्या एकाचं बिल लागलं, तर आजारी नेमका कोण पडला हे कंपनीला पटवायचं कसं? पुन्हा जाऊन नावं लिहून घेतली. एकाच्या शेपटीच्या टोकाला गाठ आहे, तीही लिहून घेतली. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, तेव्हा डॉक्टरांनी दात बघून केलेला वयाचा अंदाज त्यांच्याच सहीने असू द्या, कारण वयाची अट बहुतेक पॉलिसींत असते.

दिसायला सारखी मांजरं असतील तर ओळख पटवणारी मायक्रोचिप बसवून घ्याच. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेमागे कातडीखाली जाते, आणि तिच्या 15 अंकी नंबराचं स्टिकर पुस्तकात चिकटवता येतं. सोबत दोन्ही कुशींचे आणि चेहऱ्याचे फोटो काढून ठेवा. पुण्यात असाल तर महापालिका 2022पासून मांजरांचीही नोंदणी करते, ती पावतीही याच फाइलमध्ये जाऊ दे.

लसींचं वेळापत्रक सोपं आहे: साधारण 8-9 आठवड्यांना ट्रायकॅट (तीन आजारांवरची एकत्र लस), 3-4 आठवड्यांनी तिचाच बूस्टर, आणि 12 आठवड्यांनंतर रेबीज. प्रत्येक वेळी बाटलीवरचं लेबल पुस्तकात चिकटवून तारीख आणि सही घ्या. लस चुकली आणि तोच आजार झाला तर क्लेम अडतो.

आता खरी मेख: ‘आधीपासूनचा आजार’, म्हणजे पॉलिसीआधीच असलेला, ज्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. रस्त्यावरून आलेलं पिल्लू बहुधा शिंका आणि चिकट डोळे घेऊनच येतं. त्यामागे हर्पिसचा विषाणू असेल तर तो अंगात कायमचा राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी ते लिहिलं की तुमच्या पॉलिसीपुरती ती सर्दी जुनी झाली. म्हणून ते लिहू नका असं डॉक्टरांना सांगायचं नाही, आणि फॉर्मवर लपवायचं तर मुळीच नाही. लपवलेली सर्दी सापडली तर पुढे मोडलेल्या पायाचा क्लेमही गोत्यात येतो. त्यापेक्षा ज्यांनी पिल्लं सांभाळली त्यांच्याकडून जुनी बिलं आणि चिठ्ठ्या मागून घ्या, आणि सर्दी बरी झाल्याची नोंद डॉक्टरांकडून करून घ्या. पॉलिसी घ्यायची असेलच तर नवा आजार निघायची वाट बघू नका. वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात, मांजर घरी आल्यापासून नव्हे.

मग पॉलिसीचं वर्डिंग, म्हणजे अटींचा पूर्ण मजकूर मागवा, माहितीपत्रक नको. आपल्याकडे काही योजना फक्त कुत्र्यांसाठी आहेत, तेव्हा मांजर चालतं का, आणि जातीच्या रकान्यात देशी मांजर बसतं का, हे आधी विचारा. नसबंदी, लसी, दात साफ करणं यांचे पैसे बहुधा मिळत नाहीत, तो खर्च वेगळा धरा. बोका असेल तर लघवी तुंबण्याबद्दल मुद्दाम विचारा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसतो, कण्हतो, थेंबही पडत नाही. दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागतं, आणि हे दुखणं उलटून येतं. पहिल्या वर्षी झालं तर नूतनीकरणानंतर तेच ‘जुनं’ ठरणार का? एका आजाराला कमाल किती रक्कम? बिलातला किती वाटा आपला? उत्तरं फोनवर घेऊ नका, ईमेलवर घ्या. दोन मांजरं असतील तर विम्याची रक्कम प्रत्येकाची वेगळी की दोघांत मिळून, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

खिडकीला जाळी नसेल तर ती हप्त्याआधी बसवा. वरच्या मजल्यावरून मांजर पडणं हा मुंबई-पुण्यात रोजचा प्रकार आहे.

हप्ता, आपला वाटा आणि वगळलेल्या गोष्टी एका कागदावर मांडल्यावर जमत नसेल तर तेवढेच पैसे दरमहा आरडीत टाका. आम्ही एका बोक्यासाठी तेच केलं, कारण त्याची जुनी सर्दी वगळून उरत होतं ते फार थोडं. मुंबईकरांनी परळचं बाई साकरबाई हे प्राण्यांचं जुनं रुग्णालयही बघून ठेवावं.

विमा घेतलातच तर दवाखान्यातून निघतानाच मूळ बिलं, चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि पैसे भरल्याची पावती घ्या. प्रत्येक कागदावर मांजराचं नाव आहे ना, ते काउंटरवरच बघा. क्लेम नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, आणि तक्रारीला शुल्क नाही.