फियाटचं स्टेअरिंग साधंच ठेवलं, अँबॅसिडरला मोटर बसवली

आमच्या घरात दोन जुन्या गाड्या आहेत. वडिलांची निपाणीत तंबाखूची वखार होती, तेव्हापासूनची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट माझ्याकडं बेळगावात शहापूरला आहे. दुसरी दाजींची डिझेल अँबॅसिडर, जांबोटीला. दोघींचं स्टेअरिंग जड झालं होतं. फियाट मी साधीच ठेवली, अँबॅसिडरला विजेचं पॉवर स्टेअरिंग बसवलं. उद्यमबागेत लेथवर माझी तीस वर्षं गेली, त्यामुळं दोन्ही कामं जवळून बघितली. जुन्या गाडीचा मालक याच प्रश्नाशी अडला असेल तर त्यानं कुठून सुरुवात करावी, ते सांगतो.

पैसे काढायच्या आधी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि स्टेअरिंग दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हवेतसुद्धा जड लागलं तर दोष गाडीत आहे. पॉवर स्टेअरिंग लावून तो दोष जात नाही, झाकला जातो, आणि झाकलेला दोष घाटात उघडा पडतो. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर टायर, हवा, वजन आणि अलाइनमेंटकडं बघायचं.

माझी फियाट हवेतही जड होती. स्टेअरिंगच्या दांड्याखाली गिअरचा बॉक्स असतो, त्याच्या हातापासून चाकांकडं जाणारा रॉड सोडवला, मग बॉक्स वेगळा आणि चाकं वेगळी फिरवून बघितली. चाकांकडं किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या खिळीवर चाक वळतं त्या, कोरडे पडले होते, एका बाजूचं ग्रीसचं निपल मातीनं बुजलेलं. बॉक्समध्ये मात्र आधीच्या मिस्त्रीनं प्ले, म्हणजे स्टेअरिंगची मोकळी हालचाल, काढायला वरचा स्क्रू आवळून ठेवला होता. ही चूक फार गॅरेजमध्ये होते. बॉक्समधला वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा गिअर, मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की कडेला बॉक्स अडकायला लागतो, आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप माघारी येत नाही. स्क्रू आवळायचा तो चाकं सरळ ठेवून, अगदी थोडा, आणि नंतर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून खात्री करायची. तरीही प्ले राहिला तर वर्म आणि त्यात फिरणारा रोलर बदलायचा. किंगपिनचा सेट मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळाला, त्याचे बुश, म्हणजे पिनभोवतीचे कडे, मी स्वतः आतून रीम करून मापाचे केले.

मग टायर. कंपनीनं ५.२० चे १४ इंची टायर दिले होते. दिसायला बरे म्हणून कोणीतरी रुंद रेडियल घातले होते. टायर रुंद झाला की जागेवर फिरवताना रस्त्याला जास्त घासतो. स्टेअरिंगचं चाकही बारकं घातलं असेल तर मूळचं मोठं शोधून लावा, कारण त्या मोठ्या चाकाच्या तरफेवरच ही गाडी हलकी राहते. एवढं केल्यावर गणपत गल्लीच्या गर्दीत गाडी लावताना खांद्यावर ताण येत नाही, आणि महामार्गावर रस्त्याचा स्पर्श हाताला कळतो.

तरीही मोटर बसवावी का, याचा मी नीट विचार केला आणि नको ठरवलं. या फियाटचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर आहे. विजेचं पॉवर स्टेअरिंग म्हणजे त्याच दांड्यात मोटर आणि हाताचा पीळ मोजणारा टॉर्क सेन्सर घालायचा, मग गिअरचे रॉड जायचे कुठून? शिवाय गाडीची वीज तयार करणारा डायनॅमो. तो वीसेक अँपिअर देतो, आणि जागेवर चाक फिरवताना मोटर तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. तिसरं कारण कागदाचं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. ती नोंदणी घेतली तर रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, हे आधीच मनाशी धरा.

दाजींची गोष्ट वेगळी. डिझेल इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर, रोज जांबोटी ते बेळगाव, महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून गोवा, आणि आक्काही गाडी चालवते. तिचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला. मी म्हणालो, "दाजी, आधी दोन चाकं उचलून बघू, मग खर्चाचं बोलू." दाजी म्हणाले, "बघ बाबा, तुला कळतंय ते कर, पण पुढच्या पावसाच्या आत कर."

चाकं उचलल्यावर स्टेअरिंग हलकं होतं. अँबॅसिडरला मुळातच रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारा छोटा गिअर आहे, ती चांगल्या हालतीत होती, गिअरचा दांडाही खाली जमिनीवर होता. म्हणजे भार वजनाचा, दोष कुठं नाही. अशा गाडीला मदत द्यायला हरकत नाही. तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक नको म्हणालो: इंजिनावर पंप, त्याचा पट्टा, ब्रॅकेट, जोरानं दाबलेलं तेल, नळ्या, आणि गळती आज ना उद्या होणारच. विजेची मोटर वळवतानाच काम करते. १९८८ मध्ये सुझुकीनं सर्वो नावाच्या छोट्या गाडीत ती प्रथम आणली. आज जुन्या छोट्या मारुतीचा मोटरसह दांडा भंगार बाजारात मिळतो, तोच बसवला.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. गाडीचा आणि मारुतीचा असे दोन दांडे एकमेकांना टेकवून नुसते वेल्ड करू नका. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं, आणि स्टेअरिंगचा दांडा दर वळणाला पिळला जातो. मी दोन्ही टोकांना स्प्लाइन, म्हणजे उभे दाते, कापून जोडणारं कपलिंग बनवलं, बोल्ट आरपार घातला आणि कोनातही फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट नवा घेतला. बॅटरीपासून मोटरपर्यंत जाड तार, बॅटरीजवळच फ्यूज, इग्निशनवर रिले, आणि वीज तयार करायला किमान ५५ अँपिअरचा अल्टरनेटर. वेगाचा सिग्नल नसला की मोटर सगळ्या वेगात सारखीच मदत देते आणि महामार्गावर स्टेअरिंग फार हलकं लागतं, म्हणून मदत कमी-जास्त करायचं बटण बसवलं. आक्का गल्लीत ते वाढवते, हायवेला कमी करते.

बदल करण्याआधी आरटीओला लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. नोंदणीच्या तपशिलात परवानगीशिवाय फरक करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कडक केलं. गाडी एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची असून तुम्ही इकडं कर्नाटकात निपाणीत राहत असाल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन केए-२३, म्हणजे चिक्कोडीची नोंदणी करून घ्या.

बसवल्यावर रिकाम्या मैदानात एक चाचणी करा: तीसच्या वेगानं वळण घ्या आणि चाक सैल सोडा, ते आपोआप सरळ यायला हवं. नंतर इंजिन बंद करून, गाडी ढकलत वळवून बघा, म्हणजे घाटात वीज गेली तर किती जोर लागेल ते हाताला आधीच माहीत होईल. आक्कानं ही चाचणी स्वतः तीनदा केली आणि मगच चोर्ल्याला निघाली.