जिथे मुलंही येतात अशी नोकरी: जपानमध्ये काइगोसाठी येणाऱ्यांना चार गोष्टी

काइगोसाठी, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी, जपानला यायचं ठरवलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा व्हिसाचा, तिसरा थंडीचा. ज्या संस्थेत पुढची काही वर्षं काढायची ती कशी आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. माझं ठाम मत आहे की निवड करायला मिळालीच, तर जिथे वृद्धांबरोबर लहान मुलांचाही वावर असतो अशी जागा बघावी. काम हलकं असतं म्हणून नव्हे. उलट तिथे डोळे जास्त उघडे ठेवावे लागतात. पण बोलीभाषा तिथे लवकर येते, आणि काइगो म्हणजे फक्त अंघोळ, जेवण आणि डायपर नाही हेही लवकर उमगतं.

व्हिसाचं झटपट उरकते. भारतीयांसाठी सध्याचा सरळ मार्ग म्हणजे 'तोकुतेई गिनो', ठरावीक कौशल्याच्या कामगारांचा व्हिसा. तो एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाला आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यासाठी काइगोची कौशल्य परीक्षा, काइगोच्या जपानीची वेगळी परीक्षा, आणि जेएलपीटी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक या सर्वसाधारण जपानीच्या परीक्षांपैकी एक, एवढं लागतं. या व्हिसावर सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तीन वर्षं काम आणि ठरावीक प्रशिक्षण झालं की 'काइगो फुकुशिशी' म्हणजे परवानाधारक देखभाल कर्मचाऱ्याची राष्ट्रीय परीक्षा देता येते. ती पास झालात तर 'काइगो' नावाचाच व्हिसा मिळतो आणि कुटुंबालाही आणता येतं. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनामसाठी आर्थिक कराराची एक वेगळी वाट आहे, ती आपल्याला लागू नाही. ती दाखवून कुणी एजंट पैसे मागत असेल तर उठून बाहेर पडा.

आता मूळ मुद्दा. जपानमध्ये दर शंभर माणसांत २९ जण ६५ वर्षांपुढचे आहेत. मुलं कमी, घरं लहान, आजीआजोबा दुसऱ्या गावात. त्यामुळे म्हातारं माणूस जवळून न पाहिलेलं मूल आणि वर्षभर लहान मुलाचा आवाज न ऐकलेली आजी, दोन्ही इथे सहज भेटतात. म्हणून ही गाठ मुद्दाम घालून द्यावी लागते. सण-समारंभापुरती नव्हे, तर व्यवस्था म्हणून.

टोकियोतल्या मराठी मंडळींना एदोगावा वॉर्ड सांगायला नको. निशी-कासाईत उतरलं की निम्मे चेहरे ओळखीचे वाटतात. त्याच वॉर्डात 'कोतोएन' नावाची संस्था आहे. मुळात तो वृद्धाश्रम. १९७६ मध्ये शेजारी होइकुएन सुरू केलं, म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांचं दिवसभराचं पाळणाघर. १९८७ मध्ये दोन्ही एकाच इमारतीत आणली. मुलं आणि वृद्ध सकाळी एकत्र व्यायाम करतात, तो रेडिओवरच्या पियानोच्या सुरांवर चालणारा 'राजिओ ताइसो'. हा व्यायाम जपानमध्ये १९२८ पासून आहे, त्यामुळे नव्वदीच्या आजीला आणि पाच वर्षांच्या पोराला दोघांनाही तो पाठ असतो. कुणी कुणाला शिकवायची गरज पडत नाही, आणि माझ्या मते तो टिकला यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं उदाहरण तोयामा प्रांताचं, ते मला जास्त आवडतं. सोमान कायोको ही रेड क्रॉस रुग्णालयातली नर्स. 'घरी जायचंय' म्हणणारे वृद्ध रुग्णालयातच संपताना पाहून तिने दोन सहकारी नर्सना घेऊन नोकरी सोडली आणि १९९३ मध्ये 'कोनो युबी तोमारे' हे केंद्र सुरू केलं. साध्या घरात, आणि कुणालाही. वृद्ध, अपंग, तान्ही मुलं, सगळे एकाच खोलीत. सरकारी कचेरीचा गोंधळ उडाला, कारण वृद्धांचा पैसा एका खात्यातून, अपंगांचा दुसऱ्या, मुलांचा तिसऱ्या. एका खोलीत बसलेल्या माणसांना तीन फायलींत बसवायचं कसं? २००३ मध्ये तोयामाला विशेष सवलत मिळाली, २००६ मध्ये ती देशभर लागू झाली, आणि २०१८ पासून वृद्ध व अपंगांसाठी 'क्योसेइ-गाता' म्हणजे सहजीवनाच्या धर्तीची सेवा कायद्यातच आली. सोमानबाईंना २०१५ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळालं. तोयामात नोकरी मिळाली तर बर्फ आणि तिथली बोली दोन्हीची तयारी ठेवा. पुस्तकातलं जपानी आजोबांपुढे पहिल्या दिवशी काही कामाचं नसतं.

मी ज्या संस्थेत आहे ती सायतामा प्रांतात आहे. खाली होइकुएन, वर डे सर्व्हिस, म्हणजे दिवसापुरती येणाऱ्या वृद्धांची सोय, आणि निवासी मजला. मुलं आठवड्यातून काही ठरलेल्या दिवशी वर येतात. नवीन आलेल्यांना वाटतं, मुलं आली, गाणं म्हटलं, टाळ्या झाल्या, फोटो काढला, झालं. असे कार्यक्रम सगळीकडे होतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी 'केइरो नो ही', म्हणजे ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस असतो, तेव्हा तर ठिकठिकाणी. मला त्यांत फारसा रस नाही. त्यात आजी फक्त प्रेक्षक असते. तिने टाळ्या वाजवायच्या आणि गोड हसायचं, एवढंच काम. आयुष्यभर घर, शेत, दुकान चालवलेल्या बाईला हे पुरत नाही. तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आपल्याला पाहायचं असेल तर.

फरक पडतो तो तिच्या हाताला काम दिल्यावर. ओतेदामा म्हणजे अझुकीचे दाणे भरलेल्या छोट्या कापडी पिशव्या, आपल्या सागरगोट्यांच्या चुलत बहिणी. वर उडवायच्या, झेलायच्या. सकाळचं जेवण झालं की नाही हे न आठवणाऱ्या आजींच्या हातात त्या तीन पिशव्या दिल्या की बोटं आपोआप चालतात, आणि शेजारचं पोर तोंड उघडं टाकून बघत राहतं. मग आजी त्याला दटावते, 'मनगट सैल सोड.' हे दटावणं मला टाळ्यांपेक्षा मोलाचं वाटतं. बोटांत दोरा गुंफून आकृत्या करायची आयातोरी, कागदाच्या घड्या, वाटाणे सोलणं, धुतलेले नॅपकिन घडी करणं, काहीही चालतं. अट एकच: मुलाला येत नाही आणि आजीला येतं असं ते काम हवं.

यात तुमचं काम दिसत नाही, आणि ते तसंच असायला हवं. मुलं येण्याआधी खुर्च्या कशा मांडायच्या, व्हीलचेअरचे ब्रेक लागलेत का, कुणाला कोणत्या कानाने ऐकू येतं, कुणाच्या शेजारी दीड वर्षाचं मूल नको आणि पाच वर्षांचं चालेल, हे सगळं ठरलेलं असावं लागतं. ओतेदामाची शिवण उसवली असेल तर ती पिशवी बाजूला, कारण दाणा मूलही तोंडात घालतं आणि स्मृतिभ्रंश झालेले आजोबाही. फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या सणाला राक्षसाला भाजलेले सोयाबीन मारायची पद्धत आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना असे कडक दाणे देऊ नयेत, असं जपानची ग्राहक संरक्षण यंत्रणा दर वर्षी बजावते. आम्ही कागदाचे बोळे मारतो. राक्षसाला काही फरक पडत नाही. मुलं बसली की आपण दोन पावलं मागे. मध्ये मध्ये बोलून 'बघा आजी, किती गोड आहे ना' असं करत बसलात तर दोघंही तुमच्याकडे बघायला लागतात आणि एकमेकांकडे बघायचं थांबवतात.

एक सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडा. आपण मायेने आजी, आजोबा म्हणतो. इथे कर्मचाऱ्याने तसं म्हणायचं नाही. आडनाव आणि 'सान'. खोलीत मुलं असली की आपला आवाज आपोआप बोबडा होतो, आणि त्याच आवाजात आपण शेजारच्या ८८ वर्षांच्या माजी शिक्षकांनाही 'चला, हात पुसूया हं' म्हणतो. त्यांना ते अपमानाचं वाटतं आणि ते बरोबरच आहे. मुलाशी साधं घरगुती जपानी आणि त्याच क्षणी वळून वृद्धांशी आदरार्थी, ही कसरत सुरुवातीला जमत नाही. पण एन-४ वरून एन-३ कडे जायला याहून चांगला क्लास मला माहीत नाही, आणि फी म्हणाल तर उलट आपल्यालाच पगार मिळतो.

सगळ्याच वृद्धांना मुलं आवडतात हा एक गोड गैरसमज. आमच्याकडे एक आजोबा आहेत. मुलं येण्याची वेळ झाली की ते वर्तमानपत्र घेऊन आपल्या खोलीत जातात आणि दार लावतात. गोंगाट सोसत नाही, असं स्पष्ट सांगतात. नवा कर्मचारी त्यांना समजवायला जातो. तुम्ही जाऊ नका. त्यांचा नकार काळजी-आराखड्यात लिहिलेला आहे. ते आजही खोलीतच जातात, आणि पुढेही जातील.

हिवाळ्यात सगळं थांबतं. इन्फ्लुएन्झा आणि नोरोव्हायरस खालून वर आणि वरून खाली सारख्याच वेगाने जातात. होइकुएनमध्ये दोन मुलांना उलट्या झाल्या की मधलं दार बंद. २०२० नंतर अनेक संस्थांत ते फार काळ बंद राहिलं. मे २०२३ मध्ये कोरोनाचा वर्ग साध्या फ्लूच्या पातळीवर आणल्यावर हळूहळू उघडलं. त्या काळात गेलेल्या वृद्धांच्या जागी नवे आले, शिकवणाऱ्या दीदी बदलल्या, आणि बऱ्याच ठिकाणी प्रथा नव्याने बसवावी लागली. म्हणून नोंदी नीट लिहा. कोण कुणाशेजारी बसलं, काय चाललं, काय बिनसलं. 'हियारी हात्तो' म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद लिहायला लाजू नका. ती तक्रार समजली जात नाही, आणि सकाळच्या बैठकीत तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

मृत्यूचं काय, हे मुलाखतीत कुणी विचारत नाही. मुलांच्या ओळखीची आजी जाते आणि मुलं विचारतात. आमच्या होइकुएनच्या शिक्षिका 'गावाला गेली' असं सांगत नाहीत. वारल्या, असंच सांगतात, आणि मोठ्या गटातली मुलं हवं तर फूल ठेवतात. प्रत्येक संस्थेची रीत वेगळी असते. तुम्ही आपल्या मनाने मुलांना काही सांगू नका, शिक्षिकांकडे पाठवा.

तशीच सीमारेषा बाकीच्या कामातही आहे. होइकुएनचा कारभार एप्रिल २०२३ पासून बालक-कुटुंब संस्था या सरकारी यंत्रणेकडे गेला, काइगोचा आरोग्य मंत्रालयाकडेच राहिला. इमारत एक, कायदे दोन. होइकुशीचा, म्हणजे पाळणाघरातल्या शिक्षिकेचा, परवाना नसेल तर तुमची गणती मुलांच्या कर्मचाऱ्यांत होत नाही. मूल रडतंय म्हणून उचलून घेतलं तरी आधी शिक्षिकेला हाक मारा. आणि फोटो? स्वतःच्या फोनवर एकही नाही. घरी आईला दाखवायलाही नाही.

मुलाखतीबद्दल. 'आमच्या भारतात वृद्धांचा आदर करतात, एकत्र कुटुंब असतं' हे वाक्य प्रत्येक भारतीय उमेदवार म्हणतो. समोरच्यांना ते पाठ झालेलं असतं. त्याऐवजी तुम्ही स्वतः काय केलंय ते सांगा: आजीला अंघोळ घातलीत, आजोबांना इन्सुलिन दिलंत, धाकट्या भावंडांना सांभाळलंत. छोटं असलं तरी चालेल, खरं हवं. मग तुम्ही विचारा. मुलं किती वेळा येतात? कुणी भाग घ्यायचा हे कोण ठरवतं? दोन्ही बाजूंना याची जबाबदारी असलेलं माणूस आहे का? साथीच्या दिवसांत काय करता? जिथे हे खरोखर चालतं तिथे उत्तरं पटकन येतात, बहुतेकदा हसत. 'सणाला बोलावतो' एवढंच ऐकू आलं, तर ती जागा वाईट नाही, पण मी म्हणते ती नव्हे.

विद्यार्थी व्हिसावर असाल, काइगोत यायचं अजून नक्की नसेल, तर कोदोमो शोकुदोपासून सुरुवात करा. २०१२ मध्ये टोकियोच्या ओता वॉर्डात कोन्दो हिरोको या भाजीवाल्या बाईंनी मुलांसाठी स्वस्त जेवणाची ही कल्पना आणली. २०२४ पर्यंत देशात अशी दहा हजारांहून जास्त ठिकाणं झाली. नाव मुलांचं असलं तरी भाज्या चिरायला शेजारच्या आज्या असतात आणि अनेक ठिकाणी एकटे राहणारे वृद्धही पंगतीला बसतात. तुमच्या शहराच्या 'शाक्यो' म्हणजे समाजकल्याण परिषदेच्या स्वयंसेवक कक्षात जाऊन विचारा, पत्ता देतात. पहिल्या दिवशी कांदा चिरायला मिळेल. त्या तासाभरात जेवढं जपानी कानावर पडतं तेवढं वर्गात पडत नाही.

आणि पगाराचं विचारणाऱ्यांसाठी: मुलं येतात म्हणून एक येनही जास्त मिळत नाही. निवासी मजल्यावर असाल तर रात्रपाळी असते, मुलं संध्याकाळीच घरी जातात आणि तुम्ही पहाटेपर्यंत बेल वाजली की धावता. महिन्यात किती रात्रपाळ्या, रात्री मजल्यावर एकटं असायचं की दोघं, आणि भत्ता किती, हे सही करण्याआधी कागदावर लिहून घ्या.