मासेमारीसाठी तलावाचा ठेका घ्यायचाय? आधी मे महिन्यातलं पाणी बघा

माण, खटाव, आटपाडीकडच्या तलावांत नव्यानं उतरणाऱ्यांचा हिशोब बहुधा पहिल्याच पानावर चुकतो. कागदावर असतं भरलेल्या तलावाचं क्षेत्र. माशाला उन्हाळा काढायचा असतो उरलेल्या पाण्यात. म्हणून दोन्हींची सरासरी धरा. भरल्यावर १६० हेक्टर आणि मेअखेर ४० असेल, तर हिशोब १०० हेक्टरचा.

हेक्टरी १०० किलो मासा धरला तर १०,००० किलो. किलोचा मासा काढायचा तर १०,००० मासे हवेत. शंभरातल्या चाळीस बोटुकल्या (माशांची बोटाएवढी पिल्लं) जगतील असं मानलं, तर २५,००० सोडाव्या लागतील. पण हे चाळीस हाती लागतात ते बोटुकली १० सेंटिमीटरची असेल तरच. स्वस्तातलं बारीक बीज (लहान पिल्लं) म्हणजे मरळ आणि पाणकावळ्यांना फुकटचं जेवण.

बीज मिळतं जुलै-ऑगस्टात. या भागात मोठा पाऊस बऱ्याचदा परतीचा, त्यामुळे सांडवा वाहण्याची भीती त्यानंतरही असते. सांडव्याला जाळी बांधू नका: पालापाचोळा अडकून ती फाटते, शिवाय विसर्गही अडतो. त्यापेक्षा बीज शेततळ्यात वाढवा आणि सांडवा थांबल्यावर सोडा. बीजाच्या पिशव्या आधी पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडा.

‘चार इंची जाळं’ घेताना विचारा: गाठ ते गाठ, की आस (जाळ्याचा एक डोळा) ताणून? ताणून चार म्हणजे गाठ ते गाठ दोनच. या गोंधळात अर्ध्या किलोचे कटलेही जाळ्यात अडकून निघतात. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणजे असा प्रत्येक लहान मासा विकतच्या बीजातला. चिलापीचं उलटं. ती आपोआप वाढते, आणि गर्दी झाली की तळहाताएवढीच राहते. कडेला फेकजाळं टाकून ती सतत काढत राहावी, जाळ्यात आलेल्या बोटुकल्या जिवंत सोडाव्यात. थाई मागूर मात्र कुणी फुकट दिला तरी नको. त्यावर बंदी आहे, आणि तो बाकीचे मासे खातो.

रोज होडीमागे तीन गोष्टी लिहा: किती जाळी, ती किती रात्री पाण्यात होती, कोणता मासा किती किलो. एकूण वजन तेवढंच दिसतं, पण जाळी दुप्पट झालेली असतात, हे वहीशिवाय कळत नाही.

मे-जूनमध्ये पहाटे फेरी मारा. प्राणवायू तेव्हाच सगळ्यात कमी असतो. वळवाच्या पावसानं गाळ ढवळला की आणखी घटतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसले, तर त्याच सकाळी विक्रीजोगा मासा काढा.