घरची सुरी घडवताना: आधी मूठ, मग पोलाद

स्वयंपाकाची सुरी घडवायला बसलेला नवखा कारागीर पोलादाच्या प्रतींची तुलना करण्यात आठवडे घालवतो आणि मूठ मात्र उरलेल्या लाकडातून अर्ध्या दिवसात उरकतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण पोलाद मध्यम प्रतीचे असले तरी धार पुन्हा लावता येते, पण किलोभर कांदा चिरताना तळव्यात रुतणारी मूठ असलेली सुरी कोणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही.

ज्याच्यासाठी सुरी करायची, त्याचा हात प्रथम मोजावा. चार बोटांच्या एकत्रित रुंदीत दोन-अडीच सेंटीमीटर मिळवले की मुठीची लांबी मिळते; बहुतेकांना ती ११ ते १२ सेंटीमीटर पुरते आणि जाडी २० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. आकार ठरवण्यासाठी लाकडी पट्टीवर शाडूची माती थापून मूठ वळावी आणि माती ओलसर असतानाच चिरण्याच्या पकडीत, म्हणजे अंगठा व तर्जनी पात्याच्या मुळाशी ठेवून, ती घट्ट धरावी. जिथे माती सर्वाधिक दबते तिथे लाकूड कमी करायचे असते. मुठीचा छेद गोल न ठेवता अंडाकृती ठेवावा, म्हणजे न पाहताही धार कोणत्या बाजूला आहे हे हाताला कळते. बोटांसाठी खाचा मात्र कोरू नयेत. त्या एकाच हाताला आणि एकाच पकडीला मानवतात. मुठीजवळ पात्याची उंची ४५ मिलिमीटरपेक्षा फार कमी असू नये, नाहीतर बोटांची पेरे फळीवर आपटतात.

पोलादाच्या बाबतीत भंगारातल्या गाडीच्या कमानपाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) मोह अनेकांना होतो. तो कणखर असतो हे खरे, परंतु वर्षानुवर्षे वाकून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात आणि त्या नेमक्या पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते तेलात विझवून कडक करताना, उघड होतात. त्यापेक्षा त्याच जातीची, ईएन ४५ या स्प्रिंगच्या पोलादाची, नवी पट्टी घ्यावी. बेअरिंगचे ईएन ३१ पोलाद, ज्यात कार्बन सुमारे १ टक्का असतो, धार जास्त काळ टिकवते. मात्र ते ठरावीक तापमानाला काही मिनिटे स्थिर धरावे लागते आणि कोळशाच्या भट्टीत ते साधणे कठीण असते. स्टेनलेस पोलादाला १००० अंशांहून अधिक नियंत्रित उष्णता लागते, म्हणून ते पाते व्यावसायिक हीट ट्रीटमेंटकडे द्यावे. ईएन ४५ किंवा ईएन ३१ चे पाते तेलात विझवल्यावर लगेच २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा तापवावे. घरच्या ओव्हनच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा. असे पोलाद लिंबू-टोमॅटोने काळवंडते, पण विळी वापरणाऱ्या घराला त्याचे नवल वाटणार नाही.

मुठीसाठी शिसव उत्तम, कारण ते जड, घट्ट आणि तेलकट असते. घासताना त्याची भुकटी श्वासाला व त्वचेला त्रास देते, म्हणून मुखपट्टी अनिवार्य समजावी. बाभूळ स्वस्त आणि चिवट आहे. सांबराचे शिंग सुंदर दिसते, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्या वाटेला जाऊच नये. कोकणासारख्या दमट हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा पोलादाची कडा वर येऊन हाताला बोचू लागते. तिथे मी विजेच्या पॅनेलसाठी मिळणारी हायलमची, म्हणजे राळेत दाबून केलेल्या कागद-कापडाची, शीट सुचवीन. दिसायला साधी, पण ओलाव्याला दाद देत नाही.

रिवेटची भोके पात्याला पाणी देण्यापूर्वीच पाडावीत, कारण नंतर ड्रिलची टोके वाया जातात. मुठीच्या फळ्यांची, म्हणजे पात्याच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या तुकड्यांची, पात्याकडील कड चिकटवण्याआधीच पॉलिश करावी. नंतर तिथे कानस पात्यावर ओरखडे काढल्याशिवाय फिरत नाही. सांधा ॲसिटोनने पुसून हळू घट्ट होणारा इपॉक्सी लावावा आणि शिकंजा बेताचाच आवळावा, कारण फार आवळल्यास सगळा इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. लाकडी मुठीला शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबून. तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात.